मूर्ती सोडल्या म्हणता? मग हे काय?

"आम्ही ख्रिस्ती लोक मूर्तिपूजा करत नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. साक्ष देताना ऐकले, लग्नाच्या पंगतीत ऐकले, शेजाऱ्यांच्या घरून प्रसाद आला की ऐकले. म्हणणाऱ्याच्या आवाजात एक प्रकारचा ताठाही असतो. आमच्या पणजोबांनी दगडाचे देव सोडले, विषय संपला, आता आम्ही त्या परीक्षेत कायमचे पास!

मला हे वाक्य आताशा ऐकवत नाही. कारण ते खोटे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही मूर्ती सोडल्या नाहीत, फक्त बदलल्या. पूर्वीच्या निदान कोनाड्यात दिसत तरी होत्या. आताच्या कपाटात आहेत, बँकेच्या पासबुकात आहेत, मुलांच्या गुणपत्रिकेत आहेत, आणि सांगायला वाईट वाटते, पण काही थेट देवळात वेदीजवळ येऊन बसल्या आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख शेजाऱ्यांच्या देवांविषयी नाही. ते लिखाण पुष्कळ होऊन गेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, तेव्हापासून मराठीत मूर्तिपूजेच्या खंडनाची पत्रके निघत आली. १८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झाला, त्यातही असे वाद झडले. दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवायला फारसे धैर्य लागत नाही. माझे शेजारी त्यांच्या श्रद्धेने वागतात, त्यांचे त्यांच्यापाशी. मी लिहितो आहे ते आपल्याविषयी. दर रविवारी दहा आज्ञा ऐकणाऱ्या आणि त्यातल्या पहिल्या दोन आपल्याला लागूच नाहीत असे समजणाऱ्या आपल्या मंडळीविषयी.

आता मूर्ती म्हणजे काय ते पाहू. शिक्षकाची सवय, व्याख्येशिवाय पुढे जाववत नाही!

निर्गमाच्या ३२व्या अध्यायातले सोन्याचे वासरू सगळ्यांना पाठ आहे. पण त्या अध्यायात एक गोष्ट आहे ती आपण घाईघाईत वाचून जातो. वासरू तयार झाल्यावर अहरोनाने काय जाहीर केले? उद्या परमेश्वराचा सण, असे जाहीर केले. परमेश्वराचाच! त्याने दुसऱ्या देवाचे नाव घेतले नाही. नाव जुनेच ठेवले, फक्त खाली वासरू ठेवले. आणि सोने कुठून आले? बायकामुलांच्या कानातून. मोशे चाळीस दिवस डोंगरावर होता, तेवढा धीर लोकांना धरवला नाही. तेव्हा मूर्तीची पहिली खूण ही, की तिला देवाच्या नावाची पाटी लावता येते. दुसरी खूण ही, की तिची किंमत घरातल्या माणसांना भरावी लागते. आणि तिसरी, की ती अधीरपणातून जन्माला येते. देव उशीर करतो आहे, तोवर आपण आपली सोय करून घेऊ, हा विचार तिच्या मुळाशी असतो.

पौलाने कलस्सैकरांस लिहिताना लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हटले आहे (३:५). मार्टिन ल्यूथरने १५२९ सालच्या आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत पहिली आज्ञा समजावताना असा अर्थ सांगितला, की तुझे मन ज्याला धरून राहते तोच खरोखर तुझा देव. कॅल्विनने तर माणसाच्या मनाला मूर्तींचा कारखाना ठरवले. म्हणजे ही माझ्यासारख्या म्हाताऱ्याची कुरकुर नव्हे. फार जुनी शिकवण आहे, आपण ती सोयीने बाजूला ठेवली आहे एवढेच.

यावरून मी तीन प्रश्न काढले आहेत. प्रत्येकाने आपल्या घरी बसून सोडवावेत. पहिला : कशासाठी माझा रविवार बिनदिक्कत बुडतो? दुसरा : कशासाठी मी माझ्या माणसांचा बळी द्यायला तयार होतो? तिसरा : काय गेले तर मी म्हणेन, की आता सगळे संपले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच येत असेल आणि ते उत्तर ख्रिस्त नसेल, तर तुमच्या घरात मूर्ती आहे. मग भिंतीवर क्रूस असो वा नसो.

आता एकेक मूर्ती घेऊ.

पहिली मूर्ती : टक्केवारी.

यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे, कारण आयुष्य शाळेत गेले. आमच्या वेळी शब्बाथ शाळेत पोरांना बसायला जागा नसे. आज कित्येक ठिकाणी आठवीपर्यंतची मुले दिसतात, नववीपासून पुढची गायब. कुठे गेली? क्लासला. रविवारी सकाळी टेस्ट असते. उपासना चुकली तर चालते, टेस्ट चुकून चालत नाही. दृढीकरणाचा वर्ग 'दहावी झाल्यावर बघू', मग 'बारावी झाल्यावर', मग 'नीट झाल्यावर'... आणि मग मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला लागतो आणि देऊळ नाताळपुरते उरते. एका आईला मी विचारले, मुलगा का येत नाही? ती अगदी सरळपणे म्हणाली, "सर, संडे स्कूलचे मार्क कुठे धरतात?" तिला मी दोष देत नाही. तिने फक्त आपल्या सगळ्यांच्या मनातले मोठ्याने सांगितले.

ही मूर्ती बळी घेते म्हणतो ते अलंकारिक नव्हे. जुन्या करारात मोलखाचे नाव येते. यरुशलेमेबाहेर हिन्नोमच्या खोऱ्यात लोक आपली मुले त्याच्यापुढे अग्नीत होमत. योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, कोणाला तिथे पुन्हा आपले मूल देता येऊ नये म्हणून (२ राजे २३:१०). आपण ते वाचतो आणि अंगावर काटा आणतो, किती हे रानटी लोक! आता आपल्या काळाकडे या. राजस्थानातल्या कोटा शहरात देशभरातली मुले डॉक्टर-इंजिनिअर व्हायला जाऊन राहतात. २०२३ या एका वर्षात तिथे शिकणाऱ्या वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. त्यावर प्रशासनाने काय फर्मान काढले? वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवा. म्हणजे वजन आले की पंखा खाली यावा. मला हा उपाय वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. प्रशासनाला तरी काय बोलायचे, त्यांनी जे हाती होते ते केले. पण योशीयाने पंखा दुरुस्त केला नसता, वेदी फोडली असती.

यात साधे गणितही आहे. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा देशात लाखाच्या आसपास. म्हणजे वीस-बावीस लाख मुलांना ती जागा मिळणारच नव्हती, कितीही अभ्यास केला तरी. पाढे येणाऱ्या कोणालाही हे कळते. तरी त्या प्रत्येक घरात त्या मुलाला सांगितले गेले, की हे झाले नाही तर तुझे काही खरे नाही. ख्रिस्ती घरांतही सांगितले गेले. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या लेकराला आपण देवाचे मूल म्हणून हातात घेतले, त्याला सतरा वर्षांनी एका परीक्षेचे मूल करून टाकले.

लगेच प्रश्न येईल, "मग काय, मुलांना शिकवायचेच नाही का?" अहो, शिकवा ना! मी जन्मभर तेच केले. मिशनने इथे गावोगाव शाळा काढल्या, त्यातून आपली पिढी उभी राहिली, ज्यांना पाटीला हात लावू दिला जात नव्हता त्यांच्या हातात पाटी आली. शिक्षण हे देणे आहे. पण ज्या दिवशी देणगी देणाऱ्यापेक्षा मोठी झाली, त्या दिवशी तिची मूर्ती झाली. खूण सोपी आहे. मूल नापास झाल्यावर घरात काय होते ते पाहा. त्या रात्री त्याच्या ताटात वाढले जाते की नाही? बाप त्याच्याशी बोलतो की नाही? उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप धावत गेला होता, गुणपत्रिका मागायला थांबला नव्हता.

दुसरी मूर्ती : आशीर्वाद.

दचकू नका. आशीर्वाद म्हणजे देवाची कृपा, त्याला मी नावे ठेवत नाही. पण गेल्या तीसेक वर्षांत या शब्दाचा आपल्याकडे जो अर्थ झाला आहे तो पाहा. 'देवाने आशीर्वाद दिला' म्हणजे काय तर फ्लॅट झाला, गाडी आली, व्हिसा लागला. व्हिसा मिळाल्याबद्दल उपकारस्तुतीची सभा होते, न मिळालेल्याच्या घरी सांत्वनाला कोणी जात नाही. गावोगाव मांडव पडतात, तेलाच्या बाटल्या वाटल्या जातात, पाण्यावर प्रार्थना होते, रुमाल मंत्रून दिल्यासारखे दिले जातात. आणि मग झोळी फिरते. "पेरा, म्हणजे शंभरपट मिळेल." आपल्या पूर्वजांनी गंडे-दोरे सोडले ते याचसाठी का?

हे वेड इथले नाही, अमेरिकेतून आले. तिथल्या ओरल रॉबर्ट्स या प्रसिद्ध प्रचारकाने 'बीज विश्वासा'ची शिकवण पसरवली : आधी देवाच्या कामाला पैसे द्या, मग चमत्काराची वाट पाहा. जानेवारी १९८७ मध्ये त्याने जाहीर केले, की मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला वर बोलावून घेईल! पैसे जमले. तो पुढे २००९ पर्यंत जगला. पण त्या घोषणेतला देव कसा होता याचा विचार करा. हप्ता थकला म्हणून जामीनदाराला उचलून नेणारा. येशूने ज्याला बाप म्हणायला शिकवले तो हा नव्हे.

१ शमुवेल ४ वाचा. इस्राएल लोक पलिष्ट्यांकडून हरले, चार हजार माणसे पडली. तेव्हा वडीलधाऱ्यांना युक्ती सुचली, कराराचा कोश रणांगणावर नेऊ, तो आपल्याला वाचवील. पश्चात्ताप नाही, एलीच्या मुलांचे वागणे सुधारणे नाही, नुसता कोश उचलून नेला. कोश आल्यावर छावणीत एवढा जयघोष झाला की जमीन दणाणली. आणि निकाल? तीस हजार पायदळ पडले आणि कोशही शत्रूच्या हाती गेला. देवाने खुद्द आपला कोश पलिष्ट्यांना जाऊ दिला, पण लोकांना तो ताईत म्हणून वापरू दिला नाही. आजचे किती जयघोष या जातीचे आहेत, ते ज्याने त्याने ठरवावे.

या शिकवणीतली सगळ्यात क्रूर गोष्ट तर पुढेच आहे. ज्याला बरे वाटत नाही त्याला सांगितले जाते, तुझा विश्वास कमी पडला. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या बाईला असे सांगणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण देतो. तरुणपणी दुष्काळात आईबाप गेले. पुढे नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपल्या माणसांनी दूर लोटले. १८९६-९७च्या दुष्काळात शेकडो मुलींना केडगावला आणून जगवले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा डोळ्यांदेखत गेली, आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई स्वतः गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर त्या शेवटपर्यंत करत होत्या. आता सांगा, त्यांचा विश्वास कमी पडला होता का? त्यांनी केडगावच्या मुलींना शंभरपट मिळण्याचे आमिष दाखवले नाही. विणकाम शिकवले, शेती शिकवली, छापखान्यात खिळे जुळवायला शिकवले. पौलाच्या अंगातला काटाही तीनदा विनवूनही निघाला नाही. आणि पेत्र मंदिराच्या दारात त्या पांगळ्याला म्हणाला ते तर सर्वांना माहीत आहे, सोनेरुपे त्याच्याजवळ नव्हतेच! आजच्या मांडवात पेत्राला व्यासपीठावर बसायला खुर्ची मिळाली नसती.

तिसरी मूर्ती : जात.

ही आधुनिक कशी, असे कोणी विचारेल. मूर्ती जुनीच आहे, पण आपण तिला सूट-बूट घातला आहे, म्हणून ती ओळखू येत नाही. देवळात आपण एका प्याल्यातून, एका भाकरीतून प्रभुभोजन घेतो. आणि लग्न जुळवायची वेळ आली की हळूच आवाज खाली जातो... "मूळचे कोण ते?" वधूवरांच्या जाहिरातींत 'ख्रिस्ती' शब्दापुढे कंसात काय काय लिहिलेले असते ते वाचा. दोनशे वर्षे झाली, चार-चार पिढ्या बाप्तिस्मा घेतलेल्या झाल्या, आणि तरी आपल्याला ठाऊक असते की अमक्याचे पणजोबा कुठल्या वस्तीतून आले. जे वरच्या मानलेल्या जातींतून आले त्यांच्या घरी त्याचा तोरा, आणि खालच्या मानलेल्या दोन जातींतून आलेल्यांचा आपापसांत अबोला. गलतीकरांस ३:२८ पाठ म्हणून दाखवणारा वडील मुलीच्या लग्नात तेच वचन विसरतो.

डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ख्रिस्ती लोकांनाही मोठी आशा वाटली होती. १९५६ साली त्यांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. ख्रिस्ती झालेल्यांच्या मनातून जात जात नाही, हे त्यांनी आपल्या लेखनात नोंदवून ठेवले आहे. आपण त्याला काय उत्तर दिले? त्यांचे ते वाक्य खोटे ठरवण्याचे काम आपले होते. ते आपण केले नाही. लोकांच्या मूर्तींविषयी बोलायचा आपला हक्क त्या दिवशीच कमी झाला.

बाकीच्या मूर्ती थोडक्यात सांगतो, कारण त्या सगळ्यांना दिसतात.

मोबाइल. २०२० साली देवळे बंद होती, तेव्हा याच यंत्राने आपल्याला घरात उपासना दिली, आजारी माणसांना प्रार्थना ऐकवली. ते उपकार मी विसरत नाही. पण देवळे उघडली आणि आपण मात्र पलंगावरच राहिलो! चहा पिता पिता उपदेश, कंटाळा आला की पुढे सरकवला. जे येतात ते प्रभुभोजनाचेही चित्रण करतात. उपासनेतही माणसाला स्वतःचे तोंड पाहावेसे वाटते, तेव्हा पूजा कोणाची चालली आहे?

आणि खुद्द मंडळीची मालमत्ता. जमिनी, इमारती, पंचमंडळाच्या निवडणुका, कोर्टातले दावे. एकाच प्रभूचे नाव घेणारे दोन गट समोरासमोर वकील घेऊन उभे राहतात. इफिसचा दिमेत्रिय सोनार आठवतो ना? अर्तमीची रुप्याची देवळे करून विकणारा. पौलाविरुद्ध त्याने लोकांना भडकवले ते आधी धंदा बुडेल म्हणून, देवीचा मान मागाहून आला. जमाव दोन तास ओरडत होता, आणि बहुतेकांना आपण कशाला जमलो आहोत हेच माहीत नव्हते, असे लूक लिहितो. हा भाग वाचताना मला इफिस आठवत नाही, आपल्या वार्षिक सभा आठवतात. असो.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, तुम्ही सगळ्याच चांगल्या गोष्टींवर घाव घालता. शिक्षण चांगले, पैसा गरजेचा, मोबाइल उपयोगी, देऊळ तर पवित्रच." अगदी बरोबर. म्हणूनच या मूर्ती होऊ शकतात. वाईट गोष्टीची कोण पूजा करतो? गणना २१ मध्ये मोशेने देवाच्याच आज्ञेवरून पितळी साप केला. त्याच्याकडे पाहून लोक वाचले. येशूने स्वतःच्या वधस्तंभाची तुलना त्या सापाशी केली, इतकी ती वस्तू थोर. पण शेकडो वर्षांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले. तेव्हा हिज्कीया राजाने काय केले? संग्रहालयात ठेवला नाही. मोशेच्या हातचा म्हणून हळहळला नाही. फोडून तुकडे केले (२ राजे १८:४). ते पितळ आहे, एवढेच मानले. आपल्याला हेच जड जाते. जे कालपर्यंत देवाने दिलेले साधन होते ते आज आपल्या उरावर बसले आहे, हे ओळखून हात उचलणे.

आपल्याकडे हे करणारा माणूस झाला नाही असे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले. नाव होते, मान होता, महिन्याचा पगार होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि 'देवाचा दरबार' काढला. मिशन काही वाईट नव्हते. पण ख्रिस्त आणि आपले लोक यांच्यामध्ये पगाराची आणि मानाची भिंत नको, असे त्यांना वाटले. पुढे दोनच वर्षांत ते गेले. हिशेबाने पाहिले तर तोट्याचाच व्यवहार! पण आज शंभर वर्षांनी मराठी ख्रिस्ती माणूस कोणाचे नाव आधी घेतो?

मग करायचे काय? नुसते फोडून भागत नाही. मत्तय १२ मध्ये येशूने रिकाम्या घराची गोष्ट सांगितली आहे. एक अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून-पुसून ठेवले, पण रिकामेच राहिले, म्हणून तो आणखी सात घेऊन परत आला. टीव्ही विकला आणि मोबाइल घेतला, असे पुष्कळांचे झाले आहे. थेस्सलनीकाच्या लोकांविषयी पौल लिहितो तेव्हा दोन्ही पावले एकत्र सांगतो : ते मूर्तींकडून वळले आणि जिवंत देवाच्या सेवेकडे वळले. पाठ फिरवली तर तोंड कुठे तरी असायलाच हवे ना?

म्हणून माझे सांगणे अगदी साधे आहे, शाळेतल्या गृहपाठासारखे.

एक : संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना पुन्हा सुरू करा. पंधरा मिनिटे. शास्त्र छापील पुस्तकातून वाचा, मुलांना आळीपाळीने वाचायला लावा. उच्चार चुकले तरी चालतील.

दोन : रविवारी सकाळी क्लास नाही, हे क्लासवाल्याला आईबापांनी जाऊन सांगावे. एकट्याने सांगितले तर तो हसेल. मंडळीतल्या दहा घरांनी मिळून सांगितले तर टेस्ट दुपारी होईल. आणि समजा झाली नाही, तर ती टेस्ट बुडू द्या. मुलाला त्या दिवशी जे शिकायला मिळेल ते त्या क्लासमध्ये कोणी शिकवत नाही.

तीन : जे द्याल ते गुप्तपणे द्या. बाकावर, घंटेवर, पंख्याच्या पात्यांवर नाव घालू नका.

चार : मुलांच्या लग्नात जातीचा प्रश्न तोंडातून काढू नका. कोणी विचारला तर उत्तर देऊ नका. हे आपल्या वयाच्या लोकांनी करायचे आहे, तरुणांवर ढकलू नका. बहुतेक ठिकाणी तरुण तयार असतात, आडवे आपणच येतो.

पाच : ज्याच्या घरी व्हिसा लागला नाही, मुलगा नापास झाला, शस्त्रक्रिया यशस्वी झाली नाही, त्याच्या घरी या आठवड्यात जा. तिथे उपकारस्तुतीची भाषणे करू नका. बसा, चहा घ्या, प्रार्थना करा. आपला देव निकालाचा देव नाही, हे त्या घराला बोलून नव्हे तर आपल्या जाण्याने कळेल.

यात किंमत आहे, हे मी लपवत नाही. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसच्या ज्यांनी विश्वास धरला त्यांनी आपली जादूची पुस्तके आणून सर्वांसमोर जाळली. किंमत काढली तेव्हा पन्नास हजार चांदीची नाणी भरली. विकून पैसे दानपेटीत टाकू, असे कोणी म्हटले नाही! काही गोष्टी विकायच्या नसतातच, नाहीतर ती मूर्ती दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते.

आणि सुरुवात कुठून करायची? गिदोनाला देवाने मिद्यानी लोकांशी लढायला पाठवण्याआधी एक काम सांगितले : तुझ्या बापाच्या घरची बआलाची वेदी पाड. गावाची नव्हे, बापाची. गिदोन भ्यायला, म्हणून त्याने ते काम रात्री केले. भीत भीत केले, तरी देवाने ते मोजले. पुढे मात्र एवढा मोठा विजय मिळाल्यावर त्याच गिदोनाने लुटीच्या सोन्याचे एफोद केले आणि ते त्याच्या घराण्याला पाश झाले (शास्ते ८:२७). तारुण्यात मूर्ती फोडणारा म्हातारपणी नवी घडवतो. आपल्यासारख्या पिकल्या केसांच्या लोकांनी ही ओवळी जागा विशेष जपून ओलांडावी.

योहानाचे पहिले पत्र प्रीतीविषयी आहे, प्रकाशाविषयी आहे. पाच अध्यायांत मूर्तीचा उल्लेख कुठे नाही. आणि अगदी शेवटच्या ओळीत, निरोप घेता घेता, तो आपल्या लेकरांना मूर्तींपासून जपायला सांगतो. ज्यांना लिहिले ते सगळे विश्वास ठेवणारे होते. कोणत्याही परक्या देवळात जाणारे नव्हते. तरी सांगितले. ते पत्र आपल्यालाही आले आहे, पाकीट आपणच फोडायचे आहे.

जय ख्रिस्त!